उपकाराच्या वेळी सुशीला उठली

बोरीतला एक रविवार आज सकाळपासून आठवायलाय... तेव्हा निजामाचं राज्य जाऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. गावात आमची ख्रिस्ती घरं मोजकीच, उपासना एका पत्र्याच्या खोलीत.

गाणी झाली की ज्याला देवाचे उपकार मानायचे तो उठायचा. काय चांगलं झालं ते सांगायचा आणि पुढच्या टोपलीत ओंजळभर ज्वारी टाकायचा. दुःख मात्र कुणी सांगत नसे... रडगाणं म्हणजे विश्वास कमी, असंच आम्हाला वाटायचं.

आमचं पहिलं लेकरू तापानं गेलं होतं. तेव्हापासून माझी बायको सुशीला रडली नव्हती, बोलत नव्हती, घास तसाच ताटात राहायचा. मला एकच धास्ती... आता हीपण जाते की काय?

त्या रविवारी उपकाराच्या वेळी ती उठली. हात रिकामे. पुरुषांच्या बाजूला बसल्या बसल्या मी मान उंच करून पाहिलं.

"मला न्हाई मानायचे उपकार," ती म्हणाली. "मला देवाचा राग आलाय. माझं लेकरू कशाला नेलं त्यानं?"

मी डोळ्यांनी तिला 'बस, बस' खुणावत होतो. वाटलं, आता मंडळीतून काढतात आपल्याला...

उपासना चालवणारे पाळकबाबा उठले आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसले. येशूही मित्राच्या कबरेपाशी रडला होता, असं म्हणाले. मग हळूच म्हणाले, "आमाला कशाला सांगती, पोरी? त्यालाच सांग. आमी बसलोत."

सुशीला डोळे मिटून देवाशी भांडली. शब्द संपले तशी रडली... पोटभर रडली. पाळकबाबांनी आमेनची घाई केली नाही.

मागून सोनाआत्या, आमच्यातली सगळ्यात म्हातारी विधवा, नाक पुसत म्हणाली, "बरं केलंस बाई. धनी गेले तवा मीबी रुसले होते त्याच्यावर. बोलायचं धाडस न्हाई झालं."

घरी आल्यावर सुशीलानं स्वतःहून भाकरी मागितली. वाढता वाढता माझेच डोळे वाहायला लागले... तिनं मला गप्प केलं नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत, मोठं ज्ञान काही नाही. काळजीचा स्वभावही गेला नाही. नातवाला यायला उशीर झाला की अजून जीव खालीवर होतो. पण आता ती काळजी लपवत नाही, आहे तशी प्रार्थनेत बोलतो. ऐकणारा आहे, हेच मोठे उपकार...

प्रार्थना फार लांबली की शेजारून सुशीला म्हणते, "ऐकलं त्यानं. आता जेवा."