क्लिपच्या नावात लिहिलेलं

आमच्या स्टुडिओत कापलेलं काही फेकत नाहीत. "कोणाले कधी लागंल, सांगता येत नाही," असं मोठे दीर म्हणतात. त्यामुळे डिस्कवर डिस्क साचते. किश्श्यांचंही तसंच. फक्त ते ऐकवायला माझ्याजवळ माणूस नाही, म्हणून लिहितेय.

स्टुडिओ फुलचूरला, लग्नाच्या व्हिडिओंचा. खाली मोठे दीर आणि माझा नवरा एडिटिंग करतात. वर मी एकटी इफेक्ट्स करते: विजेची तार पुसायची, पांढरं आकाश निळं करायचं, पाकळ्या पाडायच्या. नवरा खालून क्लिपा एक्सपोर्ट करून वर पाठवतो, मी काम करून परत पाठवते. काय करायचं ते क्लिपच्या नावातच असतं, नंबराच्या पुढे. "तार_काढा." "आकाश_निळं."

लग्नाला चार महिने झाले. घरात आठ माणसं, त्यांच्यात तो गप्प. मीही गप्पच. तो माझ्याशी जेवढं बोललाय, त्याहून जास्त त्याने क्लिपांच्या नावांत लिहिलंय. मला एवढंच हवं होतं, त्याने एकदा असं काही विचारावं ज्याचा कामाशी संबंध नाही.

*

पहिल्याच आठवड्यात मी वरचं फोल्डर आवरलं. जुनी नावं बदलली, सगळं नीट लावलं. सुनेचा उत्साह! खाली मात्र प्रोजेक्टला जुन्या नावाची एकही क्लिप सापडेना, हरवलेल्या क्लिपांच्या खुणांनी स्क्रीन लालेलाल.

मी जिन्यात उभी. मोठे दीर माझ्याशी थेट बोलत नाहीत, आमच्याकडे तशी रीत आहे. ते माझ्यासमोरच नवऱ्याला म्हणाले, "तिले सांग, घर झाडते तसं फोल्डर झाडू नको म्हणावं!"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं, "फोल्डर झाडू नको."

*

एकदा त्याने दोन लग्नांच्या क्लिपा एकदमच पाठवल्या. दोन्हींचे नंबर एकपासून, आणि सगळ्यांपुढे "पाकळ्या_पाडा." नावं सारखीच, म्हणून माझ्या फोल्डरमध्ये एका लग्नाच्या क्लिपांनी दुसऱ्याच्या पुसून टाकल्या. मी मन लावून पाकळ्या पाडल्या आणि परत पाठवल्या. कोणी तपासलं नाही.

नवरीची आई पेन ड्राइव्ह घेऊन आली. "हार घालून राहिला तो आमचा जवाई नोहोय जी!"

सोबतची आजी शांतपणे म्हणाली, "राहू दे. हाच बरा दिसते."

*

नागरा गावच्या एका लग्नात नवरीच्या मामांना फेटा बांधायचा राहिला. भांडण झालं. आमच्याकडे निरोप आला, मामा व्हिडिओत नको. एकोणीस क्लिपा आल्या: "मामा_काढा." मी एकेक फ्रेम पुसत तीन दिवस मामांसोबत काढले. त्या आठवड्यात माझा सर्वांत जास्त सहवास त्यांच्याशीच होता.

एका क्लिपमध्ये सावली राहून गेली. मोठे दीर नवऱ्याला म्हणाले, "राहू दे म्हणावं. हट्टी माणूस आहे, तो काही पुरा जात नाही."

पुढच्या आठवड्यात समेट झाला. एकोणीस क्लिपा: "मामा_परत."

*

वर येणाऱ्या क्लिपांना आवाज नसतो, फाइल हलकी राहते म्हणून. दिवसभर लोक माझ्यासमोर तोंड हलवतात.

एक नवरदेव सप्तपदीत नवरीच्या कानाशी वाकून काही बोलत होता. ती लाजली. मी ती क्लिप पाच वेळा पाहिली. शेवटी परत पाठवताना नावात लिहिलं, "काय_म्हणाला."

खाली नवऱ्याकडे आवाज होता. थोड्या वेळाने एक रिकामी फाइल आली. तिचं नाव: "पंखा_इकडं_कर."

*

गेल्या मंगळवारी आमच्याच लग्नाच्या क्लिपा आल्या. इतके दिवस गिऱ्हाईकांची लग्नं आधी होती. सव्वीस क्लिपांची नावं नेहमीचीच. सत्ताविसावीला नुसता नंबर, आणि लांबी अकरा मिनिटं!

उघडली. स्टेजवर मी एकटी. सगळे पंगतीला गेलेले, कॅमेरा चालूच राहिलेला. तार नाही, आकाश नाही. काय पुसायचं ते कळेना. अकरा मिनिटं पाहिली, पुन्हा पाहिली.

खाली गेले. मोठे दीर शेजारीच बसले होते. तरी नवऱ्याला विचारलं, "यात काय काढायचं आहे?"

"काही नाई," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "त्या दिवशी जेवली होती का तू?"

मोठे दीर उठले आणि चपला शोधायला लागले.

"नाही," मी म्हटलं.