टेकडीची बाव

घाटकोपर ते विक्रोळी हे अंतर पायी साडेसहा तासांचं आहे, असं मी शपथेवर सांगू शकतो, कारण मी ते माझ्या बायकोच्या मामांबरोबर चाललो आहे. मामा मालवणचे, विक्रोळीच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्याच कारखान्यात फार पूर्वी एक शाहीर कामाला होता आणि घाटकोपरच्या टेकडीवर राहायचा. त्याचं नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण ते कानावर पडलं की मामा दोन तास थांबत नाहीत. शाहिराच्या गाण्यांवरून मामांनी सगळं उपनगर पाठ केलंय. रविवारी जो कोणी सापडेल त्याला ते हे शहर दाखवायला नेतात, आणि लग्न झाल्यापासून मी नेमाने सापडतो.

एका मोबाईलच्या दुकानासमोर त्यांनी मला भर उन्हात चपला काढायला लावल्या. ‘‘जावयबापू, शायरान हंयसर बसान चार ओळी रचल्यान,’’ म्हणाले. दुकानदाराला वाटलं आम्ही वर्गणी मागायला आलोय. विक्रोळीला कारखान्याच्या गेटपाशी शाहिराचं भोंग्यावरचं गाणं म्हणायचं असतं. आता तो भोंगा बंद पडून जमाना झाला, म्हणून मामा तोंडानेच भोंगा वाजवतात. पहिल्यांदा वॉचमन धावत आला होता. हल्ली तो नुसतं विचारतो, ‘‘काय अंकल, सुटली का शिफ्ट?’’ मी हसतो खरा, पण मामा गायला लागले की ज्या नाक्यावरून मी रोज रिक्षा पकडतो तो नाका मला अनोळखी वाटायला लागतो. देवळात गेल्यावर वाटतो तसा एक धाक वाटतो त्यांचा.

मामांच्या आयुष्याचा ध्यास मात्र एकच होता. घासून गेलेल्या एका कॅसेटमध्ये शाहीर म्हणतो, ‘टेकडीची बाव माझी, पाजते मला पाणी.’ बाव म्हणजे मालवणीत विहीर. ती विहीर शोधायला मामांनी बारा वर्षं घालवली आणि अखेर टेकडीच्या पायथ्याशी एका सोसायटीच्या पार्किंगखाली बुजवलेली विहीर निघाली. सेक्रेटरीला पटवण्यात आणखी पाच वर्षं गेली. पाटी मामांनी स्वतःच्या हाताने रंगवली : ‘शाहिरांची बाव’. अनावरण रविवारी ठरलं. शाहिराच्या मागे झील धरून गाणाऱ्यांपैकी एक म्हातारी टेकडीवर अजून होती. शनिवारी सकाळी तिला आमंत्रण द्यायला आम्ही दोघं वर चढलो.

मामांनी कौतुकाने ती ओळ म्हणून दाखवली. म्हातारी लसूण सोलत होती. ती म्हणाली, ‘‘भाऊ, बाव न्हाई ते. बाय. माझ्या आईला समदी बायच म्हणायची.’’

‘‘पण पाणी पाजते असं आहे ना?’’ मामा म्हणाले.

‘‘मग? गावात त्याला कुणी विहिरीवर पाय ठिवू दिला न्हाई. त्याच्या नशिबी कुठली आलीय विहीर? हिथं आला तवा माझ्या आईनं ह्याच दारात त्याला पाणी दिलं.’’

खाली आल्यावर मामा म्हणाले, ‘‘गावाक आमच्या दारात बाव होती, जावयबापू. म्हणान माका बावच ऐकाक इली.’’ सतरा वर्षांच्या खटपटीचं आता काय होणार, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

रविवारी पार्किंगमध्ये सतरंजी, नारळ, हार, सगळं तयार. मामा उठले आणि ‘‘माझी चूक झाली,’’ एवढंच म्हणून त्यांनी सगळी हकीकत जशीच्या तशी सांगितली.

सेक्रेटरी हिरमुसला. ‘‘मग आमच्याकडे खाली काय आहे, मामा?’’

‘‘विहीर,’’ मामा म्हणाले.

मग त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून पाटी सोडवली, तिथेच मांडीवर घेतली आणि ब्रशने ‘व’चा ‘य’ केला. रंग ओला असतानाच आम्ही सगळे, हारासकट सेक्रेटरीही, टेकडी चढलो. पाटी म्हातारीच्या दारावर लागली. तिला वाचता येत नव्हतं. मामांनी एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचून दाखवलं, आणि बदललेलं अक्षर कुठलं तेही दाखवलं. ती म्हणाली, ‘‘येवढं येकच अक्षर चुकलं व्हतं व्हय?’’ मामा रडले. मीही रडलो, लपवायचं काय त्यात.

म्हातारी आता नाही. मामांचे गुडघे गेले, त्यामुळे रविवारी लोकांना मीच नेतो, आणि मोबाईलच्या दुकानासमोर चपलाही काढायला लावतो. त्या दारात म्हातारीची सून सगळ्यांना पाणी देते. तेवढ्यात मामांचा फोन येतोच. किती लोक आले, कुठलं गाणं म्हटलं, यातलं काहीच ते विचारत नाहीत.

‘‘पाणी घेतलात?’’ एवढंच विचारतात, आणि मी हो म्हटल्यावर फोन ठेवतात.