धारेचं वळण

काळ्या शाईचा वास आला की मला मंगळवार पेठेतली माडीवरची ती खोली आठवते. चित्रकला शिकून मी आणि माझी मैत्रीण तिथं जाहिरातींची कामं करायचो. शेतीपंप बनवणाऱ्या एका नव्या कंपनीला बोधचिन्ह हवं होतं. मी आठ दिवस खपून दातेरी चाक, उसाची पानं, पंप असं सगळं रेखाटलं. तिनं पाण्याच्या वळून खाली पडणाऱ्या धारेची एकच रेघ ओढली. मालकांनी माझा कागद बाजूला सारला आणि तिच्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, "ह्ये माज्या आईला बी कळंल की." शिकत होतो तेव्हापासून दर वेळी असंच व्हायचं. माझा नुसता जळफळाट झाला. त्यात तीच म्हणाली, "तुझा हात स्थिर हाय, शाई तूच भर." मी भरली, आणि वळणावर रेघ मुद्दाम जाड करून बिघडवली. तिनं कागद उचलून उजेडात धरला. मग म्हणाली, "आता धारेला जोर आला बघ. मला न्हाय सुचलं हे." मालकांना तिनं चिन्ह दोघींचं म्हणून सांगितलं. आजही कुणी त्या वळणाचं कौतुक केलं की मी गप्प ऐकून घेते. ती वारली, पण तिलाही खरं कधी सांगितलं नाही.