पालथं घातलेलं पातेलं

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आमचं सगळं घर म्हणतं. खरंच आहे ते. कोण कुणाशी अबोला धरून बसलंय, कुणाच्या सुनेनं माहेरी काय पाठवलं — सकाळी कानावर आलं की दुपारपर्यंत मी चार घरी पोचतं करते. पण एक तीळ असा आहे, की तो पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षं माझ्या तोंडात आहे. गिळला नाही, थुंकलाही नाही. नवरा गेला, त्याला सांगितलं नाही. पोटच्या पोराला सांगितलं नाही — आणि त्याला तर आधी सांगायला हवं होतं. तुम्हालाच का सांगते? तुमच्या घरी मला उद्या जेवायला बसायचं नाही, म्हणून असेल.

मिक्सरपासून सुरू करते. तिथून जरा हसत हसत आत शिरता येईल.

बारामतीला आमच्या घरी रोज सकाळी सातला मिक्सर ओरडतो. माझी नात सई कॉलेजला जायच्या आधी स्मूदी करते. दोन पिकली केळी, पेरूच्या चार फोडी, वाटीभर दही, चमचाभर मध. झाकण तळहातानं दाबून धरायचं, गरगर फिरवायचं, की झालं. वरून डाळिंबाचे दाणे. मी स्टुलावर बसून टोमणे मारते — ‘‘गिरणी चालू केल्यावानी आवाज, आन् दळण मातर पेलाभर!’’ ती हसते आणि अर्धा ग्लास माझ्यापुढं सरकवते. मी रोज म्हणते, ‘‘मला न्हाय सोसत गं, फळात दही.’’

खोटं. मला सगळं सोसतं. दुपारी घरात कुणी नसलं की मी फ्रीजमधलं दही साखर घालून वाटीभर चापते आणि वाटी धुऊन जागच्या जागी ठेवते. केळ्यात घुसळलेलं दहीही मी भरपूर प्यायलेय — सईच्या जन्माच्या कितीतरी आधी, अंथुर्ण्याला, सासरी. तेव्हा मिक्सर नव्हता, रवी होती. आणि करणारी होती शालन, माझी धाकटी जाऊ.

शालन वालचंदनगरची. वडील कारखान्यात कामाला, राहायला क्वार्टर, घरात नळ, डोक्यावर पंखा. मी कऱ्हाटीची. आमच्याकडं विहिरीला पाणी लागलं तर पेढे वाटायचे. पण मी चार वर्षं आधी त्या घरात आले होते, म्हणून थोरली. आणि हा ‘थोरली’ शब्द मी असा मिरवायचे, जणू निवडून आले होते! त्या वेळचा एक फोटो आहे. चोवीस वर्षांची काटकुळी पोर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि तोंड असं की इंदापूर तालुक्याचा कारभार हिच्याच शिरावर. किल्ल्या कशाच्या होत्या, सांगू? एक कणगीच्या खोलीची. बाकीच्या तीन कशालाच लागत नव्हत्या. वाजाव्यात म्हणून ठेवल्या होत्या.

शालन आली आणि दोन महिन्यांत घर तिच्या मागंमागं फिरू लागलं. दुपारी ती पिकली केळी हातानं कुस्करायची, त्यात रात्रीचं विरजलेलं गोड दही, किसलेला गूळ, वेलदोड्याची पूड, आणि फेस वर येईपर्यंत रवी. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांनी आधी नाक मुरडलं. ‘‘शिकरण दुधात करत्यात. दह्यात कुठं केळं घालत्यात का बाई? इरुद्ध असतंय.’’ मग एक घोट घेतला. मग पेला संपवला. मग पेल्यात बोट फिरवलं आणि म्हणाल्या, ‘‘पोरीच्या हाताला चव हाय.’’

चार वर्षांत माझ्या भाकरीला त्या असं कधी म्हणाल्या नव्हत्या. आणि भाकरी माझी चांगली व्हायची — हे मी अजूनही सांगते, बघा. खोड गेली नाही.

मे महिन्यात नणंद तिच्या दोन मुली घेऊन माहेरपणाला आली. माझा दिलीप तेव्हा तीन वर्षांचा. मी कैरीचं पन्हं केलं, पितळेचा तांब्या भरून सावलीत ठेवला. कुणी हात लावला नाही. माझा दिलीपसुद्धा शालनच्या पदराला लोंबकळत होता — ‘‘काकूचं पायजे.’’

अजून मी आडवळणानंच चाललेय, कळतंय मला. येते मुद्द्यावर.

आता घरोघरी स्टील आहे, त्यामुळं हे तुम्हाला सांगावं लागणार. तेव्हा भांडी पितळेची आणि आतून त्यांना कल्हई — कथिलाचा पांढरा मुलामा. तो झिजला की आतलं पिवळं दिसायला लागतं. मग त्या भांड्यात आंबट काही ठेवायचं नाही. दही नाही, ताक नाही, चिंच नाही. ठेवलं तर ते कळकतं, पोटात गेलं की ओकाऱ्या लागतात. आमच्या वेळच्या पोरींना पाटीवर ‘ग’ काढता यायच्या आधी हे ठाऊक असायचं. कल्हईवाला पुढच्या आठवड्यात यायचा होता, म्हणून आत्याबाईंनी तीन भांडी कोपऱ्यात पालथी घालून ठेवली होती. पालथी म्हणजे हात लावायचा नाही.

त्या दिवशी शालननं सकाळीच मोठं घुसळण केलं, दुपारी पोरांना द्यायला. चिनीमातीच्या बरणीत ओतलं, ओलं फडकं गुंडाळून माठाशेजारी ठेवलं आणि धुणं घेऊन कॅनॉलवर गेली.

ती बरणी लोणच्याची होती. आणि लोणचं थोरलीचं! कैऱ्या फोडून, मीठ-हळद लावून माझ्यापुढं परातीत पडलेल्या, आणि माझ्या बरणीत हिचं दही? दुसरी बरणी माळ्यावर होती. नणंदेनं आणलेलं एक स्टीलचं पातेलंही फडताळात होतं. मी उठून कोपऱ्यात गेले. एक पालथं पातेलं सुलटं केलं. आत बघितलं. पिवळं होतं.

हे मी आजवर मनातसुद्धा नीट म्हटलेलं नाही. चुकून हाती लागलं, गडबडीत लक्ष गेलं नाही — असंच मी माझ्यापाशीही घोळवत आले. नाही. आत बघितलं. पिवळं होतं. आणि शालनचं दही मी त्यात ओतलं.

काय हवं होतं मला? पोरांचं वाईट? छे — पण हे ‘छे’ सुद्धा किती सहज येतं बघा. मला वाटलं, चव बिघडेल. पोरं तोंड वाकडं करतील, थुंकतील, ‘‘काकू, ईऽ’’ म्हणतील. तिच्या हातच्याला एकदा तरी कुणी ‘ई’ म्हणावं, एवढंच. चार-दोन तासांत असं काय होतंय?

गूळ मी हिशेबात धरलाच नव्हता. गुळानं चव झाकली. केळ्यानं रंग झाकला. शालननं धुणं वाळत घातलं, ओल्या हातानं पातेल्यावरचं फडकं काढलं — भांडं बदललंय हे पोरांच्या गलक्यात तिच्या ध्यानातही आलं नाही — आणि पेले भरले. पोरांनी मिटक्या मारल्या. दिलीपनं दुसरा पेला मागितला. मी दहा हात लांब बसून बरणीत कैऱ्या दाबत होते. ‘थांबा रे’ — दोनच शब्द. पण मग कुणीतरी विचारलं असतं ना, का थांबा?

दिलीपनं दुसरा पेलाही संपवला.

दिवेलागणीला तिन्ही पोरांना ओकाऱ्या सुरू झाल्या. वालचंदनगरहून डॉक्टर आणला. दिलीप सगळ्यात लहान, त्याला सलाईन लावलं. त्याचे डोळे अर्धे मिटलेले, ओठ कोरडे पडलेले. मी त्याला मांडीवर घेऊन रडत होते. ते रडणं खरं होतं. तेवढंच खरं होतं.

तिसऱ्या दिवशी पोरं उठून बसली. मग आत्याबाईंनी ते पातेलं दारातल्या उजेडात धरलं.

‘‘ही मी कल्हईला काढून ठिवली व्हती. ह्यात दही कुणी वतलं?’’

शालन पांढरीफटक. ‘‘आत्याबाई, मी बरणीत ठेवलं होतं.’’

सगळ्यांनी बरणीकडं बघितलं. बरणीत गळ्यापर्यंत माझ्या कैऱ्या.

‘‘अक्का,’’ ती मला म्हणाली, ‘‘बरणी तुम्ही कधी घेतली?’’

‘‘सकाळधरनं माझ्याकडंच हाय की गं.’’

ती भांडेल असं मला वाटलं होतं. मी पदर खोचून तयार होते. पण ती माझ्याकडं बघत राहिली, आणि तिच्या तोंडावर हळूहळू काहीतरी उतरत गेलं. मग म्हणाली, ‘‘मग मीच ओतलं असणार. घाईत.’’

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःवर नाही, माझ्यावर!

आणि इथंही मी थांबले नाही. मी मोठेपणा केला. ‘‘जाऊ द्या आत्याबाई, पोर नवी हाय. क्वार्टरमधली, तिला कल्हई कुठली ठावं?’’ नणंद म्हणाली, थोरलीचं मन मोठं हाय. शालननं माझे पाय धरले. मी धरू दिले.

त्यानंतर त्या घरात केळ्यात दही कुणी घुसळलं नाही. रवी ताकापुरती राहिली. शालनला पुढं दोन मुलगे झाले. त्यांच्यासाठी काहीही करायचं म्हटलं की ती भांडं उचलून आत बघायची, वास घ्यायची, आणि तरी समाधान झालं नाही की अंगण ओलांडून माझ्याकडं यायची. ‘‘अक्का, बघा बरं. ह्यात चालंल ना?’’ पितळ गेलं, स्टील आलं, तरी यायची. स्टीलच्या वाटीला कसली कल्हई? मी वाटीत बघायचे आणि मान डोलवायचे. किती वर्षं? केस पिकले तिचे तसं विचारता विचारता. वालचंदनगरची तिची भाषासुद्धा तोवर आमच्यासारखी झाली होती.

घरात त्याचा विनोद झाला होता. कुणाचं पोट बिघडलं की, ‘‘का रं, शालनकाकूकडं गेलावतास व्हय?’’ तीही हसायची. हा विनोद पहिल्यांदा कुणी केला, विचारा. एका बारशाला, पंचवीस बायकांत, मीच केला होता. गोष्ट हसण्यावारी गेली की पुन्हा कुणी खोदत नाही. एवढी अक्कल त्या किल्ल्यांवालीला होती.

गेल्या हिवाळ्यात शालन आजारी पडली. दवाखाना जवळ पडतो म्हणून बारामतीला आमच्याकडंच आणली. घास गिळवेना. डॉक्टर म्हणाले, पातळ द्या. सईला काही माहीत नाही — तिनं आपली रोजची स्मूदी केली, पेरू न घालता, गाळून, आणि ग्लास तिच्या उशाशी आणला.

शालननं ग्लासकडं बघितलं. ‘‘कशात केलंय गं?’’

‘‘मिक्सरमध्ये, धाकटी आजी.’’

‘‘दही घातलंय?’’

‘‘हो, आणि केळं. मस्त लागतं, पिऊन तर बघ.’’

शालननं मान वळवून मला शोधलं. सई कॉलेजला पळाली. मुलगा-सून कामावर. घरात आम्ही दोघीच, आणि मधे तो ग्लास. याहून चांगली वेळ मला कुठली मिळणार होती? तीळ जिभेच्या टोकावर आला होता.

‘‘अक्का?’’ ती म्हणाली. ‘‘चालंल ना?’’

मी ग्लास घेतला. खिडकीच्या उजेडात धरला — आत्याबाईंनी धरलं होतं तसाच. आत बघितलं.

‘‘चालंल,’’ म्हणाले. ‘‘पी.’’

तिनं चार घोट घेतले. ओठ पुसले. ‘‘येलदोडा ऱ्हायला,’’ म्हणाली. मग थोड्या वेळानं, ‘‘तुमी बघितलं म्हणून प्याले.’’

आठव्या दिवशी गेली.

दहाव्याला सगळे जमले होते. पिंडाला कावळा शिवेना, पोरं अवघडून उभी होती. तेव्हा दिलीपनं ती गोष्ट काढली. त्याला स्वतःला काही आठवत नाही — तीन वर्षांचा होता — आम्ही सांगितलेलं तेवढं त्याला आठवतं. डोळे पुसत म्हणाला, ‘‘काकूनं मला लहानपणी एकदा पोचवलंच व्हतं वर. माफ केलं बरं का, काकू!’’

सगळे हसले. शालनची मुलंही हसली.

मी पण हसले.