पेरू की केळं

पिकलेल्या पेरूचा वास आला की भिलाईतलं आमचं क्वार्टर आठवतं. पोलादाचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. पाच वर्षांच्या धाकट्या बहिणीचं बोलणं गेलं होतं, ती सारखी हात चोळत बसे. त्या दुर्मिळ जनुकीय आजाराचं नाव आम्हाला फार उशिरा कळलं. नागपूरहून आलेल्या आत्यानं एकदा तिचे हात चिंधीनं बांधले. “खोड मोडून राहिली मी.” आईनं गाठ सोडली, एका हातात पेरू, दुसऱ्यात केळं धरलं. “वन्सं, तिले विचारा, अन् थांबा.” “हे पोर काय सांगते!” आत्या हसली. बऱ्याच वेळानं बहिणीची नजर पेरूवर येऊन स्थिरावली. दुसऱ्या दिवशी आत्याच दोन फ्रॉक धरून बहिणीसमोर बसली, “सांग माय, मले घाई नाही.” बहीण गेल्या महिन्यात गेली. तोवर तिला न विचारता तिच्या ताटात कोणी काही वाढलं नाही.