दह्याचं भाषण

परवा जिन्यात महानारायण तेलाचा वास आला आणि ती दुपार आठवली. यांना अर्धांगवायू होऊन वाचा गेली होती. त्याआधी हे वाघोलीच्या एका कॉलेजात छोटी छोटी भाषणं करायचे. दुधाचं दही कसं होतं, मुंग्या रांगेतच का चालतात, असली. पोरं टाळ्यांनी हॉल डोक्यावर घ्यायची. "काकू, त्यांचंच भाषण ऐकवून बघा, शब्द परत येतील कदाचित," स्पीच थेरपिस्ट म्हणाली होती. म्हणून यांच्या हाताला तेल चोळताना मी मोबाइलवर दह्याचं भाषण लावलं. तो खणखणीत आवाज खोलीभर पसरला. रेकॉर्डिंगमधली पोरं हसली, तसे यांचे ओठ हलायला लागले. मी जवळ सरकले. "बंद," हे म्हणाले. कित्येक महिन्यांनी आलेला पहिला शब्द! भाषण थांबवून मी तेलकट हातांनीच मुलीला फोन लावला. "अगं, बाबा बोलले!" "खरंच? काय म्हणाले?" मी यांच्याकडे पाहिलं. तोंड भिंतीकडे फिरवलेलं होतं आणि उशी भिजत होती. "आई, सांग ना!" "मला हाक मारली," मी म्हणाले. त्यानंतर हे जाईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. मुलगी अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, बाबांचा शेवटचा शब्द म्हणजे आईला मारलेली हाक. मी चहा टाकायला आत जाते.