वडूजच्या पुढची कॉफी

भूत-पिशाच्च, करणी, अंगात येणं वगैरे ऐकलं की मला हसू येतं, हे आधीच सांगून ठेवतो. सांगलीत माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. मोटर जळली म्हणजे कुठंतरी वायर शॉर्ट झालेली असतेच. ‘आपोआप जळली हो’ असं गिऱ्हाईक म्हणतं, मी नाही. तरी हे लिहितोय, कारण हा एक फॉल्ट मला अजून सापडलेला नाही.

गोष्ट ९६-९७ च्या हिवाळ्यातली. आई त्या श्रावणात गेली. अण्णा, म्हणजे माझे वडील, रिटायर्ड हेडमास्तर. ते रडले-बिडले नाहीत, पण त्यांचं जेवण तुटलं. चतकोर भाकरी, तीही चिवडून ठेवायची. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “ह्यांना जगायचंच नाहीये. असंच चाललं तर अवघड आहे.” मला धडकीच भरली.

अण्णा मागायचे ती फक्त कॉफी, आणि तीही पसंत पडायची नाही. माझी बायको आईच्याच डब्यातली पूड घ्यायची, तेच पातेलं, वर जायफळ घासलेलं... सगळं तेच. अण्णा एक घोट घ्यायचे आणि बशी सरकवायचे. “नाही जमली.” बायको बिचारी रडकुंडीला यायची.

आई होती तेव्हा प्रवासातसुद्धा ही पंचाईत नव्हती. पदराच्या गाठीला जायफळाचा तुकडा बांधूनच ती घराबाहेर पडायची. एस्टी थांबली की थेट हॉटेलच्या भट्टीपाशी! “सरका हो जरा, आमच्या ह्यांना साधी चालत नाही.” कॉफी झाली की त्या परक्या माणसाचा ओटाही पुसून द्यायची. अण्णा लाजून भलतीकडे बघत बसायचे.

तर, आमचं कुलदैवत म्हसवडचा सिद्धनाथ. अण्णांना जरा बाहेर काढावं म्हणून मित्राची पांढरी फियाट घेतली. कडेगावला एका बागायतदाराची मोटर पोचवायची होती, म्हणून त्या बाजूनं निघालो. कडेगावला अण्णा म्हणाले, “कॉफी मिळेल का बघ.” हॉटेलवाला माझ्याकडे बघतच राहिला. “कापी? गड्या, हितं उपासालाबी च्याच पित्यात.” वडूजला एकानं दिली, पण ती चहाच्याच पातेल्यातली. अण्णांनी नुसता वास घेतला आणि काच वर केली.

वडूज सोडल्यावर पुढं एका फाट्यावर पत्र्याचं हॉटेल दिसलं. भर दुपार, रस्त्याला चिटपाखरू नाही. अण्णा मफलर गुंडाळून गाडीतच बसून राहिले. मी आत गेलो. तोंड उघडायच्या आत हॉटेलवाला म्हणाला, “कापीच न्हवं? हुतीया बगा. बसा.”

आणि खरंच... जायफळाचा वास येत होता.

“तुम्हाला कसं कळलं?”

“आवं, तुमच्यातल्या बाई सांगून गेल्या की. मागनं पांढऱ्या गाडीतनं येत्यात, म्हनल्या. मफलरवालं म्हातारं मानूस हाय, गाडीतनं उतरायचं न्हाई. जायफळबी त्यांनीच दिलं, पदराच्या गाठीतनं. लय मायाळू बाई.”

मला वाटलं, हा कुणाचं तरी ऐकून चेष्टा करतोय. पण आम्हाला इथं ओळखतं कोण? मी काही विचारणार, तोच तो पुढं झुकून हळूच म्हणाला, “उतरवताना चिमूटभर मीठ टाका म्हनल्या. पर ह्यास्नी सांगू नका, म्हनल्या.”

मीठ? दुधात? आमच्या घरात दूध आणि मीठ एकत्र म्हणजे विषच. अण्णा तर शिकरणीबरोबर चटणी वाढली तरी ताट बाजूला सारणारे. हे आईनं करणं शक्यच नव्हतं, असं मला वाटलं. मग माझी नजर ओट्यावर गेली. सगळा ओटा काळाकुट्ट, तेलकट, आणि भट्टीजवळचा तेवढा भाग स्वच्छ पुसलेला. अजून ओला होता.

“कुठं गेल्या त्या?”

“म्हसवडच्या गाडीनं गेल्या न्हवं का, मगाशीच.”

मी धावत रस्त्यावर आलो. दोन्ही बाजूंना नुसतं ऊन. आई पूर्वी कधी इथं येऊन गेली असेल, असंही मनात आलं. परत आत जाऊन विचारलं, तर म्हणाला, हॉटेल यंदाच्याच दसऱ्याला सुरू केलं. आई त्याआधीच गेलेली...

कप अण्णांना नेऊन दिला. त्यांनी घोट घेतला. दुसरा घेतला. बशीत ओतून सगळी संपवली आणि म्हणाले, “जमली. भजी आहेत का बघ, गरम असतील तर.”

खोटं कशाला सांगू, मी गाडीमागं जाऊन रडलो.

म्हसवडला देवळात मी प्रत्येक बाईकडे बघत होतो. कुणी दिसलं नाही. घरी आल्यावर सकाळची कॉफी मी माझ्याकडे घेतली. मिठाचं कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. अण्णा जेवायला लागले, फिरायला लागले, पुढं कितीतरी वर्षं जगले.

शेवटच्या आजारपणात एका सकाळी माझा हात सैल सुटला असावा. अण्णा घोट घेऊन म्हणाले, “आज मीठ जास्त पडलं रे.”

“अण्णा... तुम्हाला माहीत होतं?”

“जन्मभर प्यायलो. जीभ काय गहाण ठेवली होती? तिला वाटायचं मला कळत नाही. म्हटलं, वाटू दे.”

“मग तेव्हा तुमच्या सूनबाईला का नाही सांगितलंत? उपाशी राहिलात!”

“तिचं गुपित मी कसं सांगू?” त्यांनी बशी पुढं केली. “तुला तिनं स्वतःच निरोप धाडला, ते वेगळं.”

त्या हॉटेलातलं मी त्यांना कधीच सांगितलेलं नव्हतं. दुकानात आजही जळकी मोटर उघडली की कारण सापडतं. ह्याचं नाही सापडलं. आता कॉफी मी माझ्यापुरतीच करतो, मीठ घालून... आणि ओटा पुसून ठेवतो.